सुताराचा मुलगा, मग सुतार



रविवारची मिस्सा संपली की आपण चर्चच्या अंगणात थोडा वेळ थांबतो. कोणाची तब्येत, कोणाची बदली, कोणाचे लग्न अशी विचारपूस होते. ह्या विचारपुशीत एक प्रश्न असा आहे की तो निघाला की काही आईवडिलांची मान खाली जाते. प्रश्न साधाच असतो : "थोरला सध्या काय करतो?" उत्तरही ठरलेले असते : "परीक्षा देतोय", "बघतोय कुठेतरी", "एक-दोन ठिकाणी बोलणे चालू आहे". मग विषय बदलतो. ज्याच्याविषयी विचारले तो मुलगा बहुधा त्या अंगणात नसतो. ह्याच प्रश्नाच्या भीतीने त्याने मिस्सेला येणे कमी केलेले असते.

आज ह्याच विषयावर आम्ही चार शब्द लिहीत आहोत. तिशीच्या आसपासचा, शिकलेला, धडधाकट मुलगा घरी बसून आहे. आईवडील थकत चालले आहेत. अशा वेळी ख्रिस्ती आईवडिलांचे कर्तव्य काय? त्याला पोसत राहणे ही माया की त्याचे नुकसान? "आता तुझे तू बघ" असे म्हणणे ही शिस्त की निष्ठुरपणा? वरवर हा प्रश्न पैशाचा दिसतो. पण रात्री झोप न येणाऱ्या आईला विचारा. तिला महिन्याच्या खर्चाची चिंता असतेच, पण त्याहून मोठी चिंता वेगळी असते : "आम्ही गेल्यावर ह्याचे कसे होणार?"

दोष कोणाचा, हे आधी नीट पाहू

आपल्याकडे बेकार मुलाला 'आळशी' म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. तसे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. माधवनगरला लोक यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखतात. येथील कॉटन मिलचे दिवस आठवणारे वडीलधारे आपल्यात आहेत. त्या दिवसांत बाप मुलाला आपल्याबरोबर मागावर नेई, चार महिन्यांत मुलगा धागा जोडायला शिके आणि त्याच्या हातात पगार येऊ लागे. काम शोधायला जावे लागत नसे. ते शेजारीच खडखडत असे. आता गिरणी नाही आणि मागांचा खडखडाटही पूर्वीसारखा राहिला नाही. बापाने ज्या दाराने संसारात पाऊल टाकले, ते दार मुलासाठी उघडे नाही.

मग तो दुसरे दार ठोठावतो. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुलेमुली राज्यसेवेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांच्या मागे आहेत. काही शे जागा आणि लाखो अर्ज, असे ते गणित. २०१६ साली ह्या परीक्षांची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे झाली. संधी वाढली हे चांगलेच झाले. पण दार उघडे आहे म्हटल्यावर माणूस उंबरठ्यावर बसून राहतो, असेही झाले. २०२० साली करोनामुळे पूर्वपरीक्षा पुन:पुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये ती आणखी एकदा पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. २०२३ च्या सुरुवातीला मुख्य परीक्षेची पद्धत बदलण्यावरून आंदोलन झाले आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. ह्या सगळ्यात मुलांची वर्षे गेली. त्यांनी ती सगळी लोळत काढली असे नाही.

संत पौलाने थेस्सलनीका येथील लोकांना लिहिलेले एक वचन अशा वेळी हटकून मुलाच्या तोंडावर फेकले जाते : जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, अशा अर्थाचे. पण ते वचन नीट वाचावे. ज्याची काम करण्याची इच्छाच नाही, त्याच्याविषयी पौल बोलत आहे. ज्याला काम मिळत नाही त्याच्या पुढ्यातले ताट काढून घ्या, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले, त्यात बेकारीला त्यांनी वाईटच म्हटले आणि तिचा घाव तरुणांना विशेष लागतो हेही सांगितले. तेव्हा पहिली गोष्ट ही, की बेकार असणे हे पाप नाही. घरातल्या मुलाला हे एकदा तरी आपल्या तोंडून ऐकू द्यावे.

चौकात उभे असलेले

पण येथेच थांबून चालणार नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आहे. आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सांगली-मिरजेत सकाळी चौकात मजूर उभे असतात, मुकादम येतो, बोटाने माणसे निवडतो आणि बाकीचे ऊन चढेपर्यंत तसेच उभे राहतात. दाखल्यातला मालक सकाळपासून पुन:पुन्हा चौकात जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना जातो तेव्हाही काही माणसे तेथे उभी असतातच. तो त्यांना कारण विचारतो. ती सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही.

मालक उदार होता. संध्याकाळी त्याने तासभर राबलेल्यालाही पुऱ्या दिवसाची मजुरी दिली. म्हणजे पैसे द्यायची त्याची तयारी आधीपासून होती. मग त्याने तो एक दिनार त्यांना चौकातच का दिला नाही? "घ्या आणि घरी जा" असे म्हणणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. त्याने त्यांना मळ्यात पाठवले. एका तासाने मळ्याचे काम कितीसे पुढे सरकणार? पण त्या माणसांना मात्र हातापायाला माती लागलेली घेऊन घरी जाता आले. दिनार बायकोच्या हातावर ठेवताना, आज मी काम केले, असे म्हणता आले.

आईवडिलांनी ह्या मालकाकडून दोन्ही गोष्टी शिकाव्यात. तो मजुरी मोजताना कंजूष नाही आणि माणसाला रिकामा उभा ठेवतही नाही. आपल्या घरात बहुधा उलटे होते. पैसे आपण देतो, पण टोमणे मारून देतो. आणि काम म्हणून काहीच सांगत नाही.

आपल्याच घरात डोकावून पाहू

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील निवृत्त, पेन्शन तुटपुंजी. मुलगा उशिरा उठतो, जेवतो, मोबाईल घेऊन खोलीत जातो. वडील दोन-चार महिने गप्प बसतात आणि एखाद्या रात्री जेवताना भडकतात : "तुझ्या वयात मी चौघांना पोसत होतो!" मुलगा ताट सरकवून उठतो. आई रडते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याच्या खिशात गुपचूप पाचशेची नोट सरकवते आणि सांगते, "ह्यांना कळू देऊ नकोस." वडिलांना सगळे कळते, पण तेही काही बोलत नाहीत. पुढच्या भडक्यापर्यंत पुन्हा शांतता.

ह्या घरात कोणीही दुष्ट नाही. तिघांचेही एकमेकांवर प्रेम आहे. पण त्या नोटेबरोबर आई नकळत मुलाला सांगत असते की तुझ्याच्याने काही होणार नाही. वडील रागाने तेच सांगतात. मायेतून सांगितले काय आणि रागातून सांगितले काय, मुलाच्या कानांवर एकच वाक्य पडत राहते.

आपला मानही आड येतो. मुलाला कुपवाडच्या एखाद्या कारखान्यात हेल्पर म्हणून काम मिळत असते, मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत हिशेब लिहायला कोणी बोलावत असते. तेव्हा आपणच म्हणतो, "बी.कॉम. होऊन हे करणार? लोक काय म्हणतील? मुलगी कोण देईल?" आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाला विचारतो, "काहीही का करत नाहीस?" आपल्या मनात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती कबूल करायला जड जाते. मुलगा घरात आहे तोवर आपली गरज आहे. तो कमावता झाला, पुण्याला गेला, तर हे घर रिकामे होईल. कधी कधी आपण त्याला धरून ठेवतो ते त्याच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी.

आणि मुलीचे काय? मुलगा घरी बसला तर ती चिंता होते. मुलगी घरी बसली तर ते वळण ठरते. पदवी घेतलेली मुलगी चार वर्षे धुणीभांडी करत स्थळाची वाट पाहते आणि ती बेकार आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. देवाने तिला दिलेली बुद्धी फक्त मुलाच्या बुद्धीपेक्षा स्वस्त आहे काय? ह्या लेखात जेथे जेथे 'मुलगा' म्हटले आहे, तेथे तेथे 'मुलगी' असेही वाचावे.

नासरेथचे घर

स्वावलंबन म्हणजे वेगळी चूल, असे आम्ही म्हणत नाही. परदेशात अठरा-वीस वर्षांचे मूल घराबाहेर पडते, तसे आपणही करावे असे नाही. तीन पिढ्या एका छपराखाली राहणे हे आपल्याकडे लाजिरवाणे नाही, ते सुख आहे. प्रभू येशूने आपले कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे संत लूक सांगतो. तोवर तो नासरेथलाच होता. घरी राहण्यात गैर काही असते तर पवित्र कुटुंबात ते दिसले नसते.

पण त्या घरात एक गोष्ट घडली. नासरेथचे लोक येशूला कसे ओळखत होते ते शुभवर्तमानांत आले आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात ते त्याला सुताराचा मुलगा म्हणतात. संत मार्कच्या शुभवर्तमानात ते त्याला सुतार म्हणतात. प्रसंग तोच, गाव तेच, माणसे तीच; शब्द तेवढा वेगळा. आम्हांला वाटते, ह्या दोन शब्दांमधले अंतर हेच आईवडिलांचे काम आहे. मूल आपल्या नावाने ओळखले जाते तेथून सुरुवात होते. ते स्वतःच्या हाताच्या कामाने ओळखले जाऊ लागले की आपले काम झाले. मग ते त्याच घरात राहो की दुसऱ्या.

ज्यू परंपरेत पित्याची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलाला एखादा धंदा शिकवणे हेही एक आहे. संत जोसेफने ते पाळले. त्याने येशूच्या हातात रंधा दिला. नवशिक्या हाताने लाकूड फुकट गेले असेल, गिऱ्हाइकाने कुरकूर केली असेल. "राहू दे, मीच करतो" असे म्हणणे सोपे होते. तसे म्हटले असते तर येशू सुताराचा मुलगाच राहिला असता. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत जोसेफविषयी जे पत्र लिहिले, त्यात खऱ्या पितृत्वाची खूण सांगितली आहे. मूल स्वतःच्या पायांवर चालू लागते आणि बापाची गरज उरत नाही, त्या क्षणी तो सर्वांत अधिक बाप असतो, असा त्यांचा आशय आहे. ऐकायला गोड वाटते. पण ज्या बापाने हे सोसले आहे त्यालाच त्याची किंमत ठाऊक.

घरात काय करता येईल?

उपदेश पुष्कळ झाला. आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली : मुलाला घरात खरे काम द्या. पाहुण्यासारखे ठेवू नका आणि गड्यासारखे राबवूही नका. वीजबिल, रेशन, दळण, वडिलांना मिरजेला दवाखान्यात नेणे, महिन्याचा हिशेब यांपैकी काहीतरी पूर्णपणे त्याच्याकडे सोपवा. चुकला तर चुकू द्या. जो घरात उपयोगी पडतो त्याला बाहेरही आपण उपयोगी पडू असे वाटू लागते.

दुसरी : पैसे उघड द्या. चोरून दिलेली नोट लाचार करते. महिन्याला अमुक रक्कम, अमुक महिन्यांपर्यंत, असे तिघांनी बसून ठरवा. घरची खरी परिस्थितीही त्याच वेळी त्याच्यापुढे ठेवा. आपली पेन्शन किती, कर्ज किती, हे तिशीच्या मुलाला ठाऊक नसते. कारण आपणच त्याला अजून लहान समजतो.

तिसरी : तारीख ठरवा. "आणखी दोन वेळा परीक्षा दे, त्या काळात अर्धवेळ काहीतरी कर, आणि यश आले नाही तर दुसरी वाट धरू," असे शांतपणे ठरवता येते. वाट बदलणे म्हणजे हरणे नव्हे. आपल्याच लोहमार्गावरच्या किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण त्यांच्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले आणि ते शिक्षण सोडावे लागले. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले, शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली तेव्हा बेळगावला येऊन त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला. त्यातून पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. सगळीच मुले किर्लोस्कर होणार नाहीत. पण बंद झालेल्या दारापुढे बसून न राहण्याचे धैर्य कोणालाही शिकता येते.

चौथी : पहिले काम लहान असले तरी घेऊ द्या. आयटीआयमध्ये एखादा कोर्स, कारखान्यातील ॲप्रेंटिसशिप, दुकानातली नोकरी, काहीही. २०२४ साली राज्य सरकारने 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आणली. तीत बारावी झालेल्यांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले होते. योजना येतात, बदलतात. म्हणून जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन चौकशी करावी. पूर्वी आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत असू, तेच हे कार्यालय.

एक सावधगिरी

आपल्या भागात द्राक्षबागा आहेत. वेलीला मंडप लागतो आणि छाटणीही लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मंडप दिला आणि छाटणी केली नाही तर नुसता पाला माजतो, घड धरत नाही. पण रोग पडलेल्या वेलीवर कोणी कात्री चालवत नाही. तिला आधी औषध देतात.

काही मुले आळसाने नव्हे, तर मनाच्या आजाराने खोलीत बसलेली असतात. झोप उडालेली, जेवण सुटलेले, मित्र तुटलेले, जगण्यात रस नसल्याची भाषा. अशा मुलाला तारखा आणि अटी सांगू नयेत. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. मनाचा डॉक्टर म्हटले की आपण घाबरतो. मधुमेहाला गोळी घेतो तेव्हा घाबरत नाही. हेही तसेच समजावे. २०२१ मध्ये नोकरीच्या मुलाखतीची वाट पाहून थकलेल्या एका तरुणाने पुण्यात आपले जीवन संपवले. सारा महाराष्ट्र हळहळला. आपल्या घरातला मुलगा किती थकला आहे, हे बातमीतून कळण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

मुलांनो, तुम्हांलाही

हे वाचणाऱ्या तरुण मुलामुलींनो, तुमच्यासाठीही एक शब्द. तुम्ही घरावरचे ओझे नाही. पण आईच्या हातचे ताट रोज घेताना तिच्या हाताकडेही कधी पाहा. संत पौल मोठा प्रेषित होता, तरी तंबू शिवून पोट भरत असे. कोणावर आपला भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबलो, असे तो थेस्सलनीकाकरांना आठवण करून देतो. तुमच्या पदवीला साजेसे काम शोधत राहा; ते मिळेपर्यंत मिळेल त्या कामाला हात लावा. आणि रविवारी मिस्सेला या. देवाच्या घरात यायला नोकरीचा दाखला लागत नाही.

आणि आपण सर्वांनी

दाखल्यातला मालक दिवसातून पाच वेळा चौकात गेला, हे विसरू नये. त्या माणसांनी काम मागायला त्याच्या दारी यावे अशी वाट पाहत तो बसला नाही. आपल्या धर्मग्रामात कोणाचे दुकान आहे, कोणाचे वर्कशॉप आहे, कोणी कारखान्यात सुपरवायझर आहे, कोणी रुग्णालयात, शाळेत आहे. कोठे जागा निघाली तर ती धर्मगुरूंच्या कानांवर घालायला काय हरकत आहे? एखाद्या मुलाला महिनाभर आपल्या हाताखाली घेऊन काम दाखवणे हेही दानच आहे.

पुढच्या रविवारी अंगणात तो मुलगा भेटला तर "सध्या काय करतोस?" एवढे विचारून पुढे जाऊ नये. "माझ्याकडे अमुक काम आहे, येतोस का?" असे विचारता आले तर फार चांगले. तेवढे जमत नसेल तर त्याचे नाव घेऊन हाक मारावी आणि त्याच्याशी दुसरे काहीतरी बोलावे.

१ मे हा आपल्या राज्याचा दिवस, कामगारांचाही दिवस. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी त्याच दिवशी श्रमिक संत जोसेफचा सण नेमून दिला. त्या दिवशी, आणि त्याची वाट न पाहता आज संध्याकाळच्या कुटुंब-प्रार्थनेतही, आपल्या घरातील आणि शेजारच्या घरातील कामाच्या शोधात असलेल्या मुलामुलींची नावे घेऊन आपण संत जोसेफची मध्यस्थी मागू या. आईवडिलांना हात सोडण्याचे धैर्य मिळो, मुलांना हात चालवण्याचे बळ मिळो, आणि आपल्या सर्वांच्या हातून कोणातरी एकासाठी मळ्याचे दार उघडले जावो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.